लॅपटॉपची बॅटरी आणि चेन्नई शहर

चेन्नईत लॅपटॉपचा, आणि त्याहूनही त्याच्या बॅटरीचा, धंदा वाढला तो रिची स्ट्रीटवर. अण्णा सालई म्हणजे जुना माउंट रोड. तिथून पायी काही मिनिटांत या बाजारात शिरता येते. नाव एका गल्लीचे असले तरी दुकाने नरसिंगपुरम स्ट्रीट, मीरान साहिब स्ट्रीट, वॉलर्स रोड अशी आजूबाजूच्या रस्त्यांवर पसरली आहेत. मुंबईला जे स्थान लॅमिंग्टन रोडचे, दिल्लीला नेहरू प्लेसचे, तेच चेन्नईला या बाजाराचे. शेजारचे चिंताद्रिपेट ही मुळात विणकरांची वसाहत. ईस्ट इंडिया कंपनीला कापड हवे होते, म्हणून गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिटच्या कारकिर्दीत, १७३४ मध्ये, सुंकुराम चेट्टीच्या बागेच्या जागेवर ती वसवली गेली. मागाचा खडखडाट जाऊन इथे रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डरचे हेड, टीव्हीचे सुटे भाग आले आणि त्यांच्या मागोमाग संगणक. लॅपटॉप या रांगेत सगळ्यात शेवटी आला.

सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये निकेल-कॅडमियमच्या, मग निकेल-मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या असत. त्या जड होत्या आणि तासा-दोन तासांत उतरत. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि चित्र पालटले. ज्या संशोधनावर तो सेल उभा होता, त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा साठवणारा हा सेल नव्वदीच्या दशकात लॅपटॉपमध्ये स्थिरावला. भारतात मात्र त्या काळी लॅपटॉप ही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आणि परदेशी जाणाऱ्या अभियंत्यांच्या हातातली वस्तू होती. ४ जुलै २००० रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते तरमणीच्या टायडेल पार्क या माहिती-तंत्रज्ञान संकुलाचे उद्घाटन झाले. पुढे ओल्ड महाबलीपुरम रोडच्या दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत गेल्या, तसतसे लॅपटॉपचे गिऱ्हाईकही शहरात वाढले. २००३ च्या मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो आणले. कमी वीज खाणारा पेंटियम-एम प्रोसेसर आणि वायरलेस जाळे एकाच संचात मिळू लागले. लॅपटॉप भिंतीपासून सुटला तो इथून, तरी दोन-तीन तासांनी सॉकेट शोधावे लागेच.

या पहिल्या पिढीच्या बॅटरीची रचना समजून घेतली की रिची स्ट्रीटचा धंदा समजतो. लॅपटॉप उलटा केला की मागच्या कडेला दोन खटके दिसत. ते सरकवले की लांबट काळा पॅक हातात येई. पॅकचे प्लास्टिकचे कवच पातळ पात्याने जोडावरून उघडले की आत सहा दंडगोल सेल असत. प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. म्हणूनच जगभर या सेलला १८६५० हे नाव पडले. दोन-दोन सेल समांतर जोडून तीन जोड्या करायच्या आणि त्या जोड्या एकामागे एक जोडायच्या, ही नेहमीची मांडणी. एका सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर पॅकचे ११.१ व्होल्ट होतात. ४४०० मिलिॲम्पिअर-तासांचा पॅक असेल तर त्यात सुमारे ४९ वॉट-तास ऊर्जा मावते. सेल निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असत आणि त्यांच्या कडेला एक अरुंद सर्किट बसवलेले असे. किती वेळा चार्ज झाले याची नोंद ठेवणे, एखादी जोडी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की वीज तोडणे, तापमान वाढले की चार्जिंग थांबवणे ही त्याची कामे.

पॅक ‘बसला’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा सहाही सेल मेलेले असतात असे नाही. तीन जोड्यांपैकी एक जोडी अशक्त झाली, तरी सर्किट त्या जोडीकडे बघून सगळा पॅक बंद करते. कारागीर मल्टिमीटर लावून प्रत्येक जोडी तपासतो, अशक्त जोडी काढतो आणि नवी बसवतो. अडचण पुढे येते. काही पॅकमधला नियंत्रक एकदा वीज गेली की स्वतःला कुलूप लावून घेतो. सेल नवे असले तरी लॅपटॉप त्यांना ओळखत नाही आणि ते कुलूप उघडायला वेगळे उपकरण व वेगळी जाण लागते. सेल बदलणारे अनेक, नियंत्रक जागा करणारे मोजके, अशी कौशल्याची उतरंड त्यातून तयार झाली. तिच्याशेजारी तयार पॅकचा व्यापार होता. ‘ओरिजिनल’, ‘कंपॅटिबल’ आणि सरळसरळ नकली असे तीन भाव. नकली पॅकवर छापलेला आकडा आणि आत भरलेली ऊर्जा यांचा मेळ बसेलच याची खात्री नसे. तरी बॅटरी गिऱ्हाइकाच्या हाताने निघत होती, हे या काळाचे वैशिष्ट्य. कामावर जाताना पिशवीत दुसरा भरलेला पॅक ठेवणे हा तास वाढवण्याचा साधा आणि खात्रीचा उपाय होता.

दंडगोल सेल निर्धोक होते असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेले सुमारे ४१ लाख पॅक परत मागवले. सेल बनवताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण शॉर्ट सर्किट घडवून आग लावू शकत होते.

चेन्नईत बॅटरीच्या आयुष्यावर हवामानाचाही भार पडतो. लिथियम-आयन सेलला उष्णता सोसत नाही. तो पूर्ण भरलेला असताना तापत राहिला तर त्याची धारणक्षमता आणखी लवकर घटते. ३१ मे २००३ रोजी शहरात ४५ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो उच्चांक सोडला तरी एप्रिल ते जून फक्त पंखा असलेल्या खोलीत चार्जरला सतत जोडून ठेवलेला लॅपटॉप नेमक्या याच परिस्थितीत दिवस काढतो. शिवाय समुद्राकडून येणारा दमट, खारट वारा जोडणीच्या टोकांवर गंज चढवतो.

लॅपटॉपची जाडी हा विक्रीचा मुख्य मुद्दा झाला जानेवारी २००८ मध्ये. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सर्वांत जाड ठिकाणी तो १९.४ मिलिमीटर होता आणि कडेला जेमतेम ४. त्याची बॅटरी ३७ वॉट-तासांची होती आणि कंपनी पाच तासांचा दावा करत होती. खटके गेले, बॅटरी स्क्रूने बंद झालेल्या तळाच्या आत गेली. १८ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल ज्या यंत्रात मावतच नाही, तिथे चपट्या पाकिटासारखे सेल वापरणे भाग होते. ॲल्युमिनियमच्या पातळ आवरणातले हे सेल हवा तसा आकार देऊन कीबोर्डच्या पुढच्या रिकाम्या जागेत पसरवता येतात. इंटेलने २०११ मध्ये ‘अल्ट्राबुक’ ही कल्पना मांडून बाकीच्या कंपन्यांनाही त्याच वाटेवर आणले. काही वर्षांतच मधल्या किमतीच्या लॅपटॉपमधूनही खटक्यांचा पॅक नाहीसा झाला.

रिची स्ट्रीटवर याचे परिणाम लगेच दिसण्यासारखे होते. पूर्वी एकच १८६५० सेल कोणत्याही कंपनीच्या पॅकमध्ये चाले. चपट्या सेलला असा सामायिक आकार नाही; प्रत्येक मॉडेलची बॅटरी वेगळी, तिचा कनेक्टर वेगळा, स्क्रूंच्या जागा वेगळ्या. दुकानदाराला एका मापाच्या सेलऐवजी शेकडो मॉडेलच्या तयार बॅटऱ्या ठेवाव्या लागल्या, आणि मॉडेल जुने झाले की ताज्या बॅटऱ्या मिळणे अवघड. नुसत्या पडून राहिलेल्या बॅटरीचेही वय होतच असते. तक्रारीचे रूपही बदलले. जुना पॅक बसत असे, नवा फुगतो. आत वायू तयार होऊन पाकीट फुगते, टचपॅड वर उचलला जातो, झाकण नीट मिटत नाही. तशी बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. ती काढणे हे धारदार पात्याचे काम राहिले नाही. तिथे प्लास्टिकची पट्टी आणि सावकाश चालणारा हात लागतो.

पातळ लॅपटॉपच्या इतिहासात जून २०१३ ची वार्षिक सुधारणा सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. १३ इंची मॅकबुक एअरचे बाह्यांग त्या वर्षी बदलले नाही, पडदाही तोच राहिला. आदल्या वर्षीचे मॉडेल सात तास चालत होते, नवे बारा. बॅटरी मात्र ५० वॉट-तासांवरून ५४ पर्यंतच वाढली होती. या आकड्यांचा भागाकार केला की सगळी गोष्ट उलगडते. ५० वॉट-तास सात तासांत संपतात तेव्हा यंत्र सरासरी सात वॉट खात असते. ५४ वॉट-तास बारा तास पुरतात तेव्हा साडेचार. पाच तासांपैकी बहुतेक वाढ बॅटरीने दिलेली नव्हती. ती इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरने, म्हणजे हॅसवेलने दिली. दोन अक्षरे टंकित होण्याच्या मधल्या क्षणभरातही हा प्रोसेसर झोपू शकत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप घातली, तेव्हा बॅटरी ४९.९ वॉट-तासांची, म्हणजे २०१३ पेक्षा लहान होती, आणि दावा १५ तास वेब वापराचा. सरासरी ओढ साडेतीन वॉटच्याही खाली आली. २०२२ च्या मॉडेलची जाडी ११.३ मिलिमीटर झाली आणि तास कमी झाले नाहीत. २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपने विंडोजच्या लॅपटॉपलाही याच दिशेने नेले. कंपन्यांचे दावे मंद प्रकाशात, ठरावीक चाचणीवर काढलेले असतात, त्यामुळे वापरात तेवढे तास मिळतीलच असे नाही. पण एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करायला ते पुरेसे असतात.

दुरुस्तीच्या धंद्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ मोठा आहे. बॅटरीचे तास जोवर सेलमध्ये होते, तोवर ते गल्लीत विकत मिळत होते. ते चिपमध्ये गेले आणि चिप मदरबोर्डला डाखलेली असते. जुन्या यंत्रात नवी बॅटरी घातली तर त्याचे गेलेले तास परत येतात. नव्या यंत्राइतके तास मिळवायचे तर यंत्रच नवे घ्यावे लागते.

लॅपटॉप पातळ होऊ लागला नेमक्या त्याच काळात तमिळनाडूत बॅटरीच्या तासांची गरज सर्वांत तीव्र होती. २००८ पासून राज्यात विजेचा तुटवडा वाढत गेला. २०१२ च्या फेब्रुवारीअखेर चेन्नईतली रोजची ठरलेली वीजकपात एका तासावरून दोन तासांवर गेली. बाकीच्या जिल्ह्यांत घोषित आणि अघोषित मिळून आठ-दहा तास आणि काही ठिकाणी त्याहून अधिक वेळ वीज नसे. महाराष्ट्रातल्या वाचकांना भारनियमनाची ती वर्षे आठवतात. तमिळनाडूतला अनुभव त्याच जातीचा होता. घरोघरी इन्व्हर्टर आणि शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या आल्या. डेस्कटॉपखालचा छोटा यूपीएस काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे देई. लॅपटॉप कपातीचे दोन तास जेमतेम पार करी. त्यातही एक मेख होती. लॅपटॉप चालू राहिला तरी वीज गेली की वाय-फायचा राउटर बंद पडे, म्हणून यूएसबी डोंगल किंवा राउटरपुरता वेगळा यूपीएस ही त्याची जोडवस्तू ठरली. कुडनकुलम अणुवीज केंद्राचा पहिला संच ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रिडला जोडला गेला; त्यानंतरच्या दोन वर्षांत परिस्थिती हळूहळू सुधारली.

तुटवडा चालू असतानाच राज्याने इतिहासातील मोठ्या लॅपटॉप खरेद्यांपैकी एक केली. २०११ च्या निवडणुकीत अण्णा द्रमुकने सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याचे वचन दिले होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, सी. एन. अण्णादुराई यांच्या जन्मदिनी, मुख्यमंत्री जे. जयललिता यांनी चेन्नईच्या सीमेवरच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात काक्कळूर इथे योजनेचा आरंभ केला. पहिल्या वर्षासाठी ९.१२ लाख लॅपटॉप आणि ९१२ कोटी रुपये अशी तरतूद होती. खरेदीचे काम एल्कॉट या राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाकडे होते. यंत्रांत विंडोजबरोबर बॉस लिनक्स होते. ही भारतीय प्रणाली सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात घडलेली. झाकणावर मुख्यमंत्र्यांचे चित्र छापलेले असे. २०२० पर्यंत वाटलेल्या यंत्रांची संख्या ५० लाखांपलीकडे गेली. हे लॅपटॉप पातळ नव्हते आणि वेगवानही नव्हते. पण गावाकडच्या ज्या घरात संध्याकाळी वीजच नसे, तिथे बॅटरीवर चालणारा संगणक देणे आणि डेस्कटॉप देणे यांत महदंतर होते. या योजनेची चर्चा बहुतेक वेळा मतांच्या हिशेबातच झाली. बारावीच्या मुलामुलींच्या हाती अंधारात उजळणारा पडदा पोचला, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली, आणि ती मागे पडायला नको होती.

वीज पुरेशी झाल्यावरही चेन्नईला बॅटरीची आठवण करून देणारे प्रसंग आले. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीनंतर अड्यार नदीला पूर आला आणि अनेक भाग दिवसेंदिवस अंधारात राहिले. पाण्यात गेलेले लॅपटॉप सुरू करून पाहणे हा तेव्हा सर्वांत घातक उपाय होता, कारण बॅटरी जोडलेली असताना ओल्या बोर्डावर वीज फिरते आणि तांब्याच्या वाटा काही तासांत झिजतात. खटक्याची बॅटरी पटकन काढता येई. आत बंद केलेल्या बॅटरीसाठी आधी तळ उघडावा लागे. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळाने हजारो झाडे आणि विजेचे खांब आडवे केले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने अनेक भाग पुन्हा अंधारात लोटले. मार्च २०२० ची टाळेबंदी वेगळ्या प्रकारची परीक्षा होती. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना यंत्रांसह घरी पाठवले, शाळा पडद्यावर भरू लागल्या आणि एका घरात दोन-तीन लॅपटॉप ही नवी रीत झाली.

लॅपटॉप विकणारे आणि दुरुस्त करणारे शहर ते जोडणारेही झाले, पण मुख्यतः शहराच्या बाहेर. बेंगळुरूच्या महामार्गावर ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे. तिथे २००६ मध्ये नोकियाचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांचे पुरवठादार गोळा झाले. नोकियाचे उत्पादन १ नोव्हेंबर २०१४ ला थांबले. जमलेले कसब मात्र तिथेच राहिले. डेलने २००७ मध्ये तिथे संगणकांची जुळणी सुरू केली. एचपीने २०२१ च्या अखेरीस फ्लेक्सच्या तिथल्या कारखान्यात लॅपटॉप बनवत असल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत लॅपटॉप आणले. २०२३ च्या मे महिन्यात तिची दुसरी आवृत्ती १७,००० कोटी रुपयांची झाली. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले गेले. ते लगेच लांबणीवर पडले आणि त्याऐवजी आयातीची नोंदणी करणारी व्यवस्था आली. ताम्बरमजवळचे मद्रास निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९८४ चे. तिथे ११ जानेवारी २०२५ रोजी सिरमा एसजीएस कंपनीच्या लॅपटॉप जुळणीचे उद्घाटन झाले. तैवानची एमएसआय ही तिची भागीदार.

या कारखान्यांत जुळणी होते. बॅटरीतला सेल मात्र प्रामुख्याने बाहेरूनच येतो, आणि सर्वांत अवघड टप्पा तोच आहे. त्यासाठीचे ज्ञान तमिळनाडूत नव्हते असे म्हणता येणार नाही. कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आर. एम. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या ३०० एकर जमिनीवर आणि १५ लाख रुपयांवर उभी राहिली. जुलै १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी तिची पायाभरणी केली आणि जानेवारी १९५३ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी उद्घाटन. या संस्थेने लिथियम-आयन सेलचे देशी तंत्र विकसित केले आणि सेलचे नमुने बनवणारे प्रात्यक्षिक केंद्र चेन्नईत उभारले. जून २०१८ मध्ये ते तंत्र एका खाजगी कंपनीला देण्याचा करारही झाला. प्रयोगशाळेतल्या नमुन्यापासून दररोज लाखो एकसारखे सेल काढण्यापर्यंतचा रस्ता जपान, कोरिया आणि चीनने तीन दशकांत कापला. एकसारखेपणा हाच त्यातला कठीण भाग, कारण पॅकची ताकद त्यातल्या सर्वांत अशक्त सेलइतकीच असते.

बॅटरी कोणी बदलायची, हा विषय अलीकडे कायद्याच्या कक्षेत आला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी कायदा याहून पुढे जातो. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी काढता आली पाहिजे. युरोपसाठी आणि भारतासाठी कंपन्या सहसा वेगळे साचे काढत नाहीत, त्यामुळे त्या कायद्याचा फायदा इकडेही पोचण्याची शक्यता आहे. त्याची काही लक्षणे आधीच दिसू लागली आहेत: अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी गोंदाऐवजी स्क्रूंवर बसवलेली असते. तळ काढून कनेक्टर सोडवला की ती बाहेर येते. दरम्यान, मोफत लॅपटॉपची कल्पना तमिळनाडूत परत आली: मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात द्रमुक सरकारने दोन वर्षांत २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप किंवा टॅबलेट देण्याची घोषणा केली आणि पहिल्या टप्प्यासाठी २,००० कोटी रुपये ठेवले.